दारव्हा ते शारजा: विमान चार तासांचं, प्रवास अख्ख्या दिवसाचा

यवतमाळ-वाशिमकडून दुबई, शारजाला पहिल्यांदा येणाऱ्या भावांनो, एजंट सांगतो ते चार तास खरेच आहेत, पण ते नागपूर विमानतळापासून पुढचे. नागपूर ते दुबई हवाई अंतर सुमारे 2,450 किलोमीटर, आणि थेट विमान मिळालं तर साडेतीन ते चार तास. आपलं गाव मात्र सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळाला, लागून नाही.

दारव्ह्याकडच्या खेड्यातून आधी यवतमाळ 40 किलोमीटर, तिथून नागपूर 150. विमानतळावर तीन तास आधी हजर व्हायचं, कारण काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि मग कोणी ऐकत नाही. म्हणजे विमानाच्या किमान आठ तास आधी घर सोडा. पावसाळ्यात आणखी दोन तास हाताशी ठेवा, नाल्याला पूर आला की एसटी अलीकडेच थांबते. इकडे उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि खोलीपर्यंतचा रस्ता. सगळं मिळून चौदा-पंधरा तास होतात. धामणगाव किंवा बडनेऱ्याहून रात्रीच्या रेल्वेनं मुंबई गाठून येणारेही बरेच आहेत, पण त्यात दीड दिवस जातो. पहिल्या खेपेला चार पैसे जास्त पडले तरी नागपूरच धरा.

आता तिकिटावरची वेळ, इथेच जास्त घोटाळा होतो. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि इथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. समजा, नागपूर 04:00, शारजा 06:15 असं छापलंय. सव्वादोन तास दिसतात, बसावं लागतं पावणेचार तास. परतीला उलटं. शारजा 21:30, नागपूर 02:30 हे पाच तास दिसले तरी साडेतीनच असतात. वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात तर जोरात, म्हणून घरी जाताना विमान जरा लवकर पोचतं. आणि 12 तारखेचं 00:40 चं विमान म्हणजे 11 च्या रात्री साडेनऊला विमानतळावर. 12 ला रात्री गेलात तर विमान आदल्याच रात्री गेलेलं असेल.

मायनं काळा मसाला कुटून दिला तर खसखस घातली का ते आधी विचारा. इथे खसखशीला बंदी आहे, चिमूटभरही चालत नाही. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

घरच्यांना हा हिशेब निघण्याआधीच समजावून सांगा. दुपारी घरात कोणी गेलं तर आपल्याकडे संध्याकाळी माती उरकतात. "विमान तर चार तासांचं" म्हणून माणसं वाट पाहत बसतात, फोनवर फोन करतात, आणि आपण अजून तिकीटच शोधत असतो. तिकीट आणि सुट्टी धरून दुसऱ्या दिवशी पोचलो तरी लवकर म्हणायचं. थांबायचं की उरकायचं, हे भावाशी आजच मोकळेपणानं बोलून घ्या. बोलायला जड जातं, पण त्या दिवशी त्याच्या एकट्यावर ओझं पडत नाही.

पासपोर्ट स्वतःजवळच ठेवा. मालकानं तो अडकवून ठेवणं इथल्या कायद्यालाही मान्य नाही. आणि पहिल्या पगारापासून एका तिकिटाचे पैसे बाजूला काढा. पेरणी असो की घराचा स्लॅब, त्याला हात लावू नका.