गरम पाण्याचा प्रेशर वॉशर घेताय? आधी विहिरीचं पाणी अन् घरचं व्होल्टेज मोजा

ट्रॅक्टरच्या मडगार्डखाली साचलेली काळी माती काढायची, एवढंच काम असेल तर गरम पाण्याचा प्रेशर वॉशर, म्हणजे दाबाने गरम धार मारणारं धुण्याचं मशिन, घेऊ नका. ही माती वाळली की दगड होते, पण पाणी पिऊन फुगतेही तितकीच. वीस मिनिटं भिजू दिली की साध्या पाण्याची धारही तिला पुरते. गरम पाण्याचा खरा उपयोग तेल, ग्रीस अन् चरबी काढायला. हार्वेस्टर-थ्रेशरवर ग्रीस आणि भुसा मिळून बसलेला थर, हायड्रॉलिकच्या गळतीवर चिकटलेली धूळ, दूध काढायच्या जागेची फरशी, पोल्ट्रीतले पिंजरे आणि पाण्याची भांडी, अशा कामांना साध्या पाण्याने तासभर घासण्यापेक्षा ७०-८० अंशांचं पाणी दहा मिनिटांत निकाल लावतं.

दुधाच्या कामात मात्र उलटं होऊ शकतं. दुधातला स्निग्धांश ४० अंशांच्या आसपास वितळतो, पण प्रथिनं ६० च्या वर गेली की गोठून फरशीला धरतात. म्हणून पहिला हात ३५-४५ अंशांच्या कोमट पाण्याने, नंतर डिटर्जंट आणि गरम पाणी. थेट उकळतं पाणी मारलं की पांढरट पापुद्रा बसतो अन् तो पुढे सहजासहजी निघत नाही.

हे मशिन लाखाच्या पुढे जातं. त्यामुळे दुकानात जायच्या आधी घरीच थोडं गणित करून घ्या.

पाणी तापवायला किती ताकद लागते? मिनिटाला किती लिटर पाणी जातं, त्याला तापमान किती अंश वाढवायचं त्याने गुणा, आणि ०.०७ ने गुणा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. मिनिटाला ८ लिटर आणि ५० अंश वाढ म्हणजे २८ किलोवॅट. पाच एचपीच्या साडेसात मोटारींइतकं झालं. म्हणूनच शेतावर विजेच्या हीटरवर चालणारं मशिन कामाचं नाही. डिझेल बर्नरचंच बघावं लागतं. त्यात वीज फक्त पंपाला, बर्नरच्या पंख्याला आणि ठिणगीला लागते. एक लिटर डिझेलमधून साधारण ९ किलोवॅट-तास उष्णता पाण्यात उतरते असं धरा. म्हणजे २८ किलोवॅटला तासाला तीन लिटरच्या थोडं वर डिझेल जाईल. हा तास गनचा ट्रिगर दाबून ठेवल्याचा आहे, सोडला की बर्नर बंद होतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच ३५ अंशांचं असतं, तेव्हा खर्च आणखी उतरतो, पण काही मशिनच्या पंपाला इतकं गरम पाणी आत चालत नाही, ते पुढे येईलच.

रोजचं काम अर्ध्या तासाचंच असेल तर आणखी एक वाट आहे, ती दुकानदार सहसा सांगत नाही. साध्या मशिनच्या पाटीवर ‘आत येणाऱ्या पाण्याचं कमाल तापमान’ लिहिलेलं असतं. घरगुती मशिनला ते बहुधा ४० अंश, व्यावसायिक दर्जाच्या काही मशिनना ६० अंश. ६० वालं मशिन आणि २०० लिटरचा सोलर हीटर जोडला की मिनिटाला ८ लिटरने पंचवीस मिनिटं गरम पाणी मिळतं, डिझेलचा थेंबही न जाळता. आठ-दहा गाईंच्या कोठ्याला एवढं पुष्कळ झालं. ४० अंशांच्या मशिनला मात्र हा प्रयोग करू नका. सील वितळल्यासारखे मऊ पडतात आणि पंप गळायला लागतो.

वीज

पंपाची ताकद काढायची रीत अशी: बार (पाण्याचा दाब मोजायचं एकक) गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००. १२० बार आणि ८ लिटर म्हणजे १.६ किलोवॅट. पंप आणि मोटारीतली तूट धरून आत सव्वादोन किलोवॅट लागतात, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ११ अँपिअर. गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं की तीच मोटार १४ अँपिअर ओढते आणि तापते. म्हणून आठवडाभर सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर मल्टिमीटरने व्होल्टेज लिहून ठेवा. मशिन चालू असताना २०० च्या खाली जात असेल तर आधी डीपीपासूनची (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासूनची) लाईन आणि घरातली वायर बघा. पन्नास मीटर लांब, १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर ११ अँपिअरला १३ व्होल्ट एकटीच खाते. ४ चौरस मिमीची घेतली तर ५ व्होल्टवर भागतं. ॲल्युमिनियमची असेल तर तूट दीडपटीच्याही वर.

सिंगल फेजवर १२० ते १५० बार आणि ७ ते ९ लिटर ही व्यवहारातली मर्यादा समजा. त्यापुढचं मशिन थ्री फेजचं. आता शेतीची थ्री फेज लाईन बऱ्याच ठिकाणी कधी दिवसा, कधी रात्री येते. कोठा धुवायची वेळ तिला कोण सांगणार? शिवाय शेतीपंपाची जोडणी पाणी उपसायला दिलेली असते, डेअरी-पोल्ट्रीसाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते. थ्री फेज घेतलंच तर फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण) लावूनच चालवा. विहिरीची मोटार कॅपॅसिटर जोडून दोन फेजवर ओढायची सवय अनेकांना आहे. ती इथे आणली तर मोटारीची वाइंडिंग लवकर जाते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट केलेलं अर्थिंग हे खर्चात धरूनच ठेवा, कारण पायाखाली ओलं आणि हातात लोखंडी लान्स (गनच्या पुढची लांब नळी) आहे.

मोटार इंडक्शनची हवी, कार्बन ब्रशची नको. मिनिटाला १४५० फेऱ्यांची मोटार २८०० फेऱ्यांच्या मोटारीपेक्षा जड आणि महाग असते, पण तिच्यावरचा पंप निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून सील जास्त टिकतात. दोन्हींत किंमत परवडत असेल तर हळू फिरणारी घ्या.

पाणी: मशिन मरतं ते इथे

हॉट मशिनमध्ये पंप थंड पाणी ओढतो आणि ते स्टीलच्या गुंडाळलेल्या नळीतून, म्हणजे कॉइलमधून, बर्नरच्या ज्वालेभोवती फिरतं. जड पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलच्या आतल्या भिंतीवर जमतो. ६० अंशांच्या वर ही गती वाढते. थर बसला की उष्णता पाण्याला कमी मिळते, नळीचा धातू जास्त तापतो, आतली वाट अरुंद होऊन दाब चढतो आणि एके दिवशी कॉइल फुटते. मशिनमधला सगळ्यात महागडा भाग तोच.

विदर्भात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात तर क्षारही भरपूर. तिथल्या पाण्यातल्या क्लोराइडने धातूलाही खड्डे पडतात. टीडीएस मीटर बघून समाधान मानू नका, तो एकूण क्षार दाखवतो, कठीणपणा वेगळा मोजावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बाटलीभर पाणी तपासून घ्या आणि ‘एकूण कठीणपणा’ हा आकडा मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो असं धरलं आहे. २०० च्या वर असेल तर मशिनसोबत क्षाररोधक औषध थेंबाथेंबाने सोडणारी टाकी आहे का ते विचारा. ६०० च्या वर असेल तर मीठ लागणारा सॉफ्टनर बसवा, नाहीतर हॉट मशिनचा नाद सोडा.

पावसाचं पाणी याला सगळ्यात उत्तम. १० बाय ६ मीटरच्या टिनाच्या छपरावर २५ मिमी पाऊस पडला तरी तूट धरून हजार-बाराशे लिटर साठतं. ८ लिटरच्या मशिनला ते दोन-अडीच तास पुरतं.

कॉइलमधला थर काढायला सल्फॅमिक किंवा सायट्रिक ॲसिडचं डिस्केलर, पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात. ठिबकच्या नळ्यांना जे हायड्रोक्लोरिक ॲसिड देता, ते इथे चालणार नाही. चुन्यासोबत ते स्टीलही खातं.

शेततळ्याचं किंवा नदीचं पाणी जड नसलं तरी गाळ असतो. गाळाने पंपाचे व्हॉल्व्ह अडकतात आणि नोझलचं भोक झिजून मोठं होतं. ठिबकचा १२० मेशचा डिस्क फिल्टर घरात पडलेला असेलच, तो मशिनच्या आधी बसवा आणि दर कामानंतर उघडून धुवा. टाकीपासून मशिनपर्यंतची नळी पाऊण इंची हवी. अर्ध्या इंचाची लांबलचक नळी लावली की पंपाला पुरेसं पाणी मिळत नाही, आत वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात, कडकड आवाज येतो, आणि त्या आवाजात चाललेला प्रत्येक तास पंपाचं आयुष्य कापतो.

उन्हाळ्याचा एक मुद्दा परदेशी पुस्तिका वाचून कळत नाही. काही हॉट मशिनच्या पंपाला आत येणारं पाणी ३० अंशांपर्यंतच चालतं. मे महिन्यात काळ्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाईपातलं पाणी याच्या कितीतरी वर असतं. टाकी सावलीत ठेवा, पाईपातलं पहिलं तापलेलं पाणी बाहेर सोडून द्या, काम सकाळीच उरका.

दुकानात काय बघायचं

पंपाचं डोकं पितळेचं, पिस्टन सिरॅमिकचे, तीन पिस्टनचा पंप. ॲल्युमिनियमचं डोकं खाऱ्या पाण्यात लवकर जातं. पाटीवर ‘कमाल’ आणि ‘कार्यरत’ असे दोन दाब असतील तर कार्यरतवर विश्वास ठेवा. आणि बारच्या मागे फार लागू नका: १०० बारला १० लिटरची धार थर धुऊन नेते, १६० बारला ५ लिटरची धार रंग उडवते अन् चिखल बाजूला नुसता शिंपडते.

बर्नरला चार सुरक्षा हव्यात: पाणी थांबलं की बर्नर बंद करणारा फ्लो स्विच, थर्मोस्टॅट, ज्वाला विझली की डिझेल तोडणारा फोटोसेल, आणि दाब वाढला की उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. फ्लो स्विच नसलेलं मशिन स्वस्त मिळालं तरी नको, कोरड्या कॉइलवर दोन मिनिटं ज्वाला पुरे आहे. नळी गरम पाण्याची, पोलादी जाळीची आणि तिच्यावर तापमान छापलेलं असावं.

गन सोडली की मोटारही आपोआप थांबवणारी मशिनं मिळतात. पंपासाठी ती चांगली, पण व्होल्टेज कमी असेल तिथे दर वेळी सुरू होताना मोटार जास्त करंट ओढते आणि कॅपॅसिटर-कॉन्टॅक्टर जातात. अशा गावात साधं बायपासचं, म्हणजे गन सोडली तरी मोटार चालू राहणारं, मशिन बरं. गन सोडून दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ ते चालू ठेवायचं नाही एवढं पाळा, कारण तेच पाणी पंपात फिरून तापतं.

चालवून दाखवा म्हणा. १० लिटरची बादली ८ लिटरच्या मशिनने ७५ सेकंदांत भरली पाहिजे. थर्मामीटर घेऊन जा. फवारा हवेत लगेच थंड होतो, म्हणून लान्सचं तोंड बादलीत धरून मोजा. आपोआप थांबणारं मशिन असेल तर गन सोडून मिनिटभर थांबा: हात न लावता मोटार सुरू-बंद होत असेल तर कुठेतरी गळती आहे. मग विचारा की सील किट, व्हॉल्व्ह किट, बर्नरचं नोझल आणि कॉइल यांची किंमत किती, आणि माल नागपूर, अमरावती, अकोल्यात शिल्लक असतो की बाहेरून मागवावा लागतो. उत्तर तोंडी नको, बिलामागे लिहून घ्या.

वॉशिंग सेंटरचं जुनं मशिन मिळत असेल तर पंपाचं ऑइल बघा. दुधासारखं पांढुरकं असेल तर सील गेलेत. नोझल काढून, बर्नर बंद ठेवून पाणी सोडा. दाबाचा काटा शून्याजवळ हवा. बराच वर राहत असेल तर कॉइल तुंबलेली आहे. बॉयलरखाली, म्हणजे कॉइल बसवलेल्या भांड्याखाली, ओल दिसली तर मागे फिरा.

चालवताना

पंपाचं पहिलं ऑइल ५० तासांनी बदला. डिझेल गाळून भरा. ड्रमच्या तळाचं पाणी आलं की बर्नर पेटत नाही आणि चिमणीतून पांढरा धूर येतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. चिमणीतून निघणारा वायू फार गरम असतो, त्यामुळे कुटाराचा ढीग, पऱ्हाटी, तुराट्या यांपासून लांब आणि उघड्यावरच चालवा. बंद कोठ्यात कार्बन मोनॉक्साइड साठतो.

रेडिएटरच्या जाळीवर, अल्टरनेटरवर, बेअरिंगच्या सीलवर आणि टायरच्या बाजूवर जवळून धार मारू नका, निदान हातभर अंतर ठेवा. लाल टोकाचं शून्य अंशाचं (हे अंश धार किती पसरते त्याचे) नोझल शेतीकामात जवळपास लागतच नाही. हिरवं २५ अंशांचं आणि पांढरं ४० अंशांचं पुरतं. जनावरांवर धार कधीच नको. फवारणी पंप धुतलेलं पाणी विहिरीकडे वाहू देऊ नका.

काम संपलं की आधी बर्नर बंद, मग पाणी हाताला थंड लागेपर्यंत दोन-तीन मिनिटं चालवा, मग मोटार बंद करून गन दाबून दाब सोडा. गरम कॉइलमध्ये पाणी तसंच ठेवलं तर चुना तिथेच जमतो. पावसाळ्यात मशिन पडून राहणार असेल तर उंदीर वायर कुरतडतात आणि चिमणीत घर करतात. चिमणीच्या तोंडावर डबा पालथा घाला, आणि पुन्हा पेटवायच्या आधी तो काढायचा आहे हे स्विचवरच खडूने लिहून ठेवा.