‘एकच प्याला’ बसवताय? प्रेक्षक भलत्याच जागी हसू नयेत म्हणून या चुका टाळा

राम गणेश गडकऱ्यांच्या या नाटकात दारूपायी बुडालेल्या सुधाकरची बायको सिंधू शेवटचे श्वास मोजतेय आणि बाल्कनीतून कुणीतरी खुदकन हसतं. मग प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये ‘आजकालचे प्रेक्षक’ या विषयावर परिसंवाद झडतो. त्यात मीही तावातावाने बोललोय. पण गिरगाव-परळच्या हौशी ग्रुपांत बरीच वर्षं काढल्यावर वाटतं, हसणाऱ्याचं सहसा चुकत नाही. गडबड त्याच्या अर्धा तास आधीच झालेली असते. तेव्हा हशा कुठे आला ते प्रॉम्प्टिंगच्या वहीत टिपून ठेवा आणि तिथून मागे मागे जा.

सुधाकर पिऊन झिंगल्यावर हशा आला, तर पहिला अंक तपासा. आपला नट शेवट वाचून आलेला असतो, त्यामुळे तो पहिल्याच एन्ट्रीला खांदे पाडून, आवाजात कंप घेऊन येतो. अहो, हा सुधाकर हुशार वकील आहे, मानी आहे, थोडा शिष्टही आहे. कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद काही काळ रद्द होते आणि त्या तिरमिरीत कारकून तळीरामाच्या हातचा पहिला प्याला घेतला जातो. आधी तो उंचावर दिसलाच नाही, तर खाली आला हे कळणार कसं? तो नुसता दारुडा दिसतो, आणि दारुड्याच्या नकलेला आपल्याकडे हशा ठरलेलाच. आम्ही एकदा तालमीत नटाला सांगितलं, पिण्याचे प्रवेश पाण्यासारखे सरळ, शुद्ध उच्चारात कर. झिंगलेला माणूस आपण शुद्धीत आहोत हे दाखवायला धडपडत असतो. तो तसं बोलला आणि कोपऱ्यात चहा ओतणारा पोरगा किटली हातात धरून तसाच थांबला.

पाच अंक आजच्या दोन-अडीच तासांत बसवायचे, तर कात्री लागणारच. पण ती पहिली तळीरामावर चालवू नका. ‘शोकांतिकेत विनोद कशाला’ म्हणून त्याच्या दारुड्या टोळक्याचे, आर्य मदिरा मंडळाचे, प्रवेश उडवणारे दिग्दर्शक मी पाहिलेत. अशाने प्रेक्षकाला हसायला हक्काची जागाच उरत नाही. तो कोंडलेला श्वास नेमका सिंधूच्या बाळाच्या पाळण्यापाशी सोडतो. शिवाय तळीराम हे नुसतं विनोदी पात्र नव्हे, सगळा अनर्थ त्याच्याच हातून पुढे सरकतो. त्यापेक्षा सुधाकरच्या मित्राची, रामलालची, लांब भाषणं कापा. पदांचंही तेच. २० फेब्रुवारी १९१९ला बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला तेव्हा सिंधू बालगंधर्व होते. लोक गाणं ऐकायलाच यायचे. तुमची सिंधू गळ्याने बेताची असेल तर मोजकी पदं ठेवा, दोन कडव्यांत आटपा, वन्समोअरची वाट पाहू नका.

आता खास मुंबईची चूक. तालीम शाळेच्या वर्गात, संध्याकाळी साडेसातला. कुणी विरारहून, कुणी डोंबिवलीहून, सगळे जमेपर्यंत साडेआठ. जे हजर त्यांचा पहिला अंक घ्यायचा. शेवटचा अंक उभा राहतो साडेदहाला, तेव्हा सिंधूच्या हातात पर्स असते आणि तिचा भाऊ झालेला पद्माकर शेवटच्या लोकलचं वेळापत्रक पाहत असतो. महिन्याभरात पहिला अंक चाळीस वेळा होतो, पाचवा सहा वेळा, तोही ‘इथे मी रडते, पुढे चला’ अशा बोलीवर. प्रयोगात नेमकं तिथेच सगळं सैल पडतं. उपाय साधा आहे: आठवड्यातून दोन दिवस तालीम शेवटच्या प्रवेशापासून सुरू करा. रविवार सकाळ फक्त पाचव्या अंकाची.

रडण्याबद्दल एवढंच, की सिंधू जितकी रडेल तितकं प्रेक्षकाला कमी काम उरतं. नवऱ्याला वाचवायला ती मरतानाही खोटं बोलते. ते खोटं तिने शांतपणे, पटेल असं बोललं पाहिजे. कॉलर माइकमध्ये हुंदका गेला की स्पीकरमधून फटाका वाजतो, हेही लक्षात असू द्या.

वस्तूंचं वजन हा आमचा जुना रोग. आमचं जातं थर्माकोलचं होतं, रंगवलेलं झकास. प्रवेश बदलताना बॅकस्टेजच्या मुलाने ते एका हाताने, दोन बोटांत उचलून विंगेत नेलं, आणि अंधार अजून पुरता झालेला नव्हता. लोक हसले, हसणारच. तेव्हापासून जात्यात दोन विटा असतात.

परवान्याची घाई तर दरवर्षीचीच. नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, बस्स.

आणि शेवटचा ब्लॅकआउट नाट्यगृहातच करून बघा. वर्गात ट्यूबलाइट बंद केली म्हणजे अंधार झाला असं आपण धरतो. थिएटरात बाहेर जायच्या दारावरचा लाल दिवा असतो, विंगेत कुणाचा तरी मोबाइल उजळलेला असतो. आमची सिंधू त्या उजेडात उठली, पदर सारखा केला आणि सुधाकराला हात देऊन उठवलं. पहिल्या तीन रांगांनी ते पाहिलं. आता आम्ही पडदा पाडतो, आणि तो पुरता खाली टेकेपर्यंत मेलेल्यांनी मेलेलंच राहायचं, असं तालमीच्या वहीत लाल पेनाने लिहिलंय.