मांजराचं खाणं बदलताय? या चुका टाळा

जुनी पिशवी संपली, म्हणून रात्रीच नव्या, चांगल्या खाण्याने वाटी भरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या बोक्याला तीनदा पातळ शी झाली. खाणं चांगलंच होतं, माझी घाई नडली.

जुनं संपायच्या आतच नवं आणून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, असं करत 7 ते 10 दिवसांत पूर्ण बदला. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या आणि तिथेच थोडे दिवस थांबा. शीत रक्त दिसलं किंवा उलट्या थांबेनात, तर लगेच डॉक्टरकडे न्या.

"भूक लागली की खाईल गुमान" असं म्हणून मांजराला कधीच उपाशी ठेवू नका. मांजर, त्यातही जाडजूड, दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि जिवावर बेततं. दिवसभर वाटीला तोंड लावलं नाही, तर जुनं खाणं परत द्या. तेही नको असेल तर डॉक्टरांना दाखवा. ओलं खाणं जरा कोमट केलं की वास सुटतो, आणि नाक मुरडणारी मांजरंही जवळ येतात.

निवडताना फसतो ते प्रोटीनच्या आकड्यापाशी. कोरड्या खाण्यावर 32 टक्के, ओल्या पाऊचवर 10, म्हणून आपण कोरडं उचलतो. पण आधी पाणी वजा करा. कोरड्यात ओलावा 10 टक्के धरला, तर 90 भागांत 32, म्हणजे साधारण 36 टक्के. पाऊचमध्ये ओलावा 80 टक्के असेल तर 20 भागांत 10, म्हणजे सरळ 50!

पाकिटावर 'कम्प्लीट' आहे की 'कॉम्प्लिमेंटरी', तेही वाचा. दुसरं नुसतं तोंडीलावणं आहे, त्यावर मांजर जगवू नका. दूध-पोळी किंवा कुत्र्याच्या खाण्यावरही नाही. मांजराला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य वनस्पतींत जवळपास नसतंच आणि त्याचं शरीर ते पुरेसं बनवत नाही. ते कमी पडलं की दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं.

दुकानात सुटं मिळणारं स्वस्त खाणं पावसाळ्यात सादळतं, खवट होतं. बंद पिशवीच घ्या आणि ती पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नव्या खाण्यात कॅलरी कमी-जास्त असू शकतात, तेव्हा जुन्या मापाने वाटी भरू नका. पाकिटावरचा तक्ता बघून वजनकाट्यावर ग्रॅम मोजा.