बोट दाखवून, मोठ्यानं बोलून काम करताय? मग या चुका टाळा

तासगावात आमची द्राक्षबाग आहे. दोन वर्षांमागं फवारणीची औषधं कालवताना फोन आला, बोलून परत आलो तर एक पुडी टाकीत टाकली का राहिली तेच आठवेना, राहिली असंल म्हणून दुसरी फोडून ओतली आणि चार दिवसात पानांच्या कडा करपल्या. लय जीवाला लागलं. तेव्हापासनं प्रत्येक पुडीवर बोट ठेवतो, नाव आणि माप मोठ्यानं वाचतो, मगच ओततो.

ही पद्धत मूळ जपानी रेल्वेतली, शंभरेक वर्षं जुनी. ड्रायव्हर सिग्नलकडं बोट करून त्याची स्थिती तोंडानं बोलतो. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ साली चाचणी घेतली, तर १०० कामांमागं २.३८ चुका व्हायच्या त्या ०.३८ वर आल्या. डोळे, हात, तोंड, कान सगळे एकाच गोष्टीवर येतात ना, मग मन दुसरीकडं जाईल कसं? आपल्या मिरजेवरनं जाणाऱ्या गाड्यांचे लोको पायलट आणि असिस्टंटसुद्धा सिग्नल एकमेकांना मोठ्यानं सांगतात.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मीपण केली: बोट जातं पण नजर जात नाही. ड्रिपचे सहा व्हॉल्व्ह आहेत, मी रोज चालता चालता "बंद, बंद, बंद" म्हणत बोट फिरवायचो आणि चौथा उघडाच, रात्रभर पाणी वाहिलं. थांबा, दांडा पाइपला आडवा आहे का बघा, आणि जे दिसतंय तेच बोला. "चार नंबर, आडवा, बंद". पाठ झालेला शब्द आधी तोंडात आला की समजायचं आपण बघतच नाही.

मनातल्या मनात बोलू नका, कानावर पडलं पाहिजे. मजूर बघतात म्हणून लाज वाटते, मलापण वाटली, आता आमचा गडी स्वतःच बोट दाखवतो.

आणि सगळ्याच कामाला करू नका, कंटाळा येऊन सुटतं. औषध, स्टार्टर, गॅसचं बटण, कुलूप, एवढं पुरे.

मधीच कुणी हाक मारली तर? जिथं थांबलो तिथनं पुढं नाही जायचं. ओतलेली रिकामी पुडी मी डाव्या हाताला ठेवतो, परत आलो की डावीकडच्या एकेका पुडीला बोट लावून पहिल्यापासनं मोजतो, मगच उजवीकडची उचलतो.