तापात जेवण सुटलं, तरी साखर 280 का? मधुमेह असलेल्यांसाठी आजारपणाच्या दिवसांचं वेळापत्रक

अंगात 102 ताप, दोन दिवस पोटात धड काही नाही आणि ग्लुकोमीटर 280 दाखवतो. अशा वेळी घरात सगळ्यात आधी घेतला जाणारा निर्णय बहुधा चुकतो: "जेवला नाहीत ना, मग आज इन्सुलिन राहू द्या." ही साखर ताटातून आलेलीच नसते. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी टीएनएफ, आयएल-6 असे रासायनिक निरोप सोडतात, जोडीला कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन वाढतं. मग यकृत रक्तात साखर ओतत राहतं आणि स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. म्हणून दिवसभर पुरणारं बेसल इन्सुलिन उपाशीपोटीही बंद करू नका. टाइप 1 असेल तर कधीच नाही. जेवणाआधीच्या इन्सुलिनचा डोस मात्र किती खाल्लं जातंय त्यावर ठरतो, तो डॉक्टरांना फोन करून ठरवा.

गोळ्यांचं गणित वेगळं. उलट्या-जुलाब सुरू असतील किंवा खाणंपिणं बंद पडलं असेल, तर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) थांबवायच्या. या गोळ्यांवर असताना साखर 180 दिसत असली तरी रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून आम्ल वाढू शकतं, आणि आकडा बरा दिसतो म्हणून घरचे निर्धास्त राहतात. शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर मेटफॉर्मिनही थांबवतात. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलात तर साखर उलट खाली कोसळते. तिन्हींबद्दल डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घेतलेलं बरं. रात्री दोन वाजता आठवत नाही.

आता स्वयंपाकघर. दर तीन-चार तासांनी 30 ते 45 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, नाहीतर शरीर चरबी जाळून कीटोन बनवतं. 40 ग्रॅम तांदूळ आणि 10 ग्रॅम मूगडाळ धुऊन, पाच-सहा वाट्या पाणी घालून, मऊ पेज होईपर्यंत शिजवा. पाव चमचा मीठ, चिमूटभर जिरेपूड. यात साधारण 35 ग्रॅम कर्बोदकं येतात. डाळ वगळू नका, प्रथिनं तिच्यातूनच येतात. ताप स्नायू झिजवतो, आणि जेवणातली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. जमेल तेव्हा एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही द्या. साबुदाण्याची खीर आजारपणात हमखास येते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर पुन्हा साखर. मोसंबीचा रस, ग्लुकोज पावडर यांचं तेच. ती फक्त साखर 70 च्या खाली गेली तर: तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी.

साखर 180 च्या वर गेली की ती लघवीवाटे पाणी ओढून नेते, त्यात तापाचा घाम. जागेपणी तासाला 100 ते 200 मिलि पाणी, पातळ ताक किंवा डाळीचं पाणी घ्या. हृदय वा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मर्यादा डॉक्टर सांगतील. जुलाबात ओआरएस चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला 13.5 ग्रॅमच ग्लुकोज असतं. तयार गोड पेयाच्या खोक्यावरचा आकडा मात्र वाचून पाहा.

साखर दर चार तासांनी तपासा, रात्रीसुद्धा. मोसंबी सोललेल्या बोटाने टोचलं तर 140 चे 300 दिसू शकतात. हात धुऊन, पुसून मगच टोचा. 250 च्या वर आकडा टिकला, तर कीटोन पाहा (डापा-एम्पा घेणाऱ्यांनी आकडा कमी असला तरी). रक्तातले कीटोन (मिलिमोल प्रति लिटर) 0.6 च्या खाली ठीक, 1.5 च्या वर लगेच डॉक्टर, 3 च्या वर थेट रुग्णालय. सतत उलट्या, खोल धापा, गुंगी दिसली तर कीटोनच्या पट्टीसाठी थांबूच नका.

स्टेरॉइड सुरू असेल तर नुसती उपाशीपोटीची तपासणी फसवते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारनंतर, म्हणून दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी टोचा. 2021 मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) जे थैमान घातलं, त्यात कोविड, स्टेरॉइड आणि आटोक्याबाहेरची साखर ही तिन्ही कारणं एकत्र आली होती.

ताप उतरला की काही दिवसांत इन्सुलिनची गरजही उतरते. वाढवलेला डोस तसाच चालू ठेवला तर पहाटे साखर घसरते, म्हणून तो कमी कधी करायचा ते वाढवतानाच विचारून ठेवा.