वर्गातली चर्चा मुलांच्या हाती देताय? या चुका टाळा

‘आमच्या वर्गातली पोरं बोलतच नाहीत,’ अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकाने मधल्या सुट्टीत लिंबाखाली जरा उभं राहावं. तीच पोरं तिथं कुणाला ऐकत नसतात.

पहिली चूक प्रश्नातच होते. ‘मराठवाडा कधी मुक्त झाला?’ १७ सप्टेंबर १९४८. संपलं, आता चर्चा कशाची करायची? त्यापेक्षा विचारा, ‘१५ ऑगस्ट १९४७ नंतरचे तेरा महिने आपल्या गावात काय चाललं असेल?’ निजामाचं राज्य, रझाकार, घरी ऐकलेल्या गोष्टी, सगळं आपोआप निघतं.

दुसरी चूक माझीच. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी का आणावं लागलं, असं आठवीला विचारलं. पहिल्या बाकावरचा म्हणाला, ‘पाऊस नव्हता सर.’ मी लगेच ‘बरोबर!’ म्हणालो. झालं, बाकीच्यांचे हात खाली. सरांचा शिक्का बसल्यावर पुढं कोण कशाला बोलेल?

पुढच्या वर्षी तोच प्रश्न विचारला आणि खडू मुठीत धरून खिडकीशी गप्प उभा राहिलो. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, हे मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं. तीन सेकंद म्हणजे काही फार नाही, पण वर्गात ते फार लांब वाटतात. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून कधी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, ‘आमच्या बोरला तवा पाणी व्हतं म्हणतेत आजोबा. उसाला दिलं.’

मग वर्गाचे दोन तट पडले, ऊसवाले आणि बिनउसाचे. इथं तिची भाषा सुधारायला गेलो असतो तर ती पुन्हा वर्षभर बोलली नसती. ‘व्हतं’ला हसणाऱ्यांकडे मात्र एकदा डोळे वटारून पाहावं, एवढी शिक्षकगिरी चालते.

चाळीस जणांची एकच चर्चा ठेवू नका, चार-पाच बोलके ती पळवून नेतात. आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या आणि ‘शेजारी काय म्हणाला’ ते सांगायला लावा. लाजाळूंना दुसऱ्याचं सांगणं सोपं जातं.

शेवटी फळ्यावर निष्कर्ष लिहून देण्याचा मोहही आवरा. मी आवरला. दुसऱ्या दिवशी ऊसवाल्यांपैकी एकजण दप्तरातून कारखान्याची पावती काढत म्हणाला, ‘सर, कालचं राहिलंय.’