सुतारकामासाठी सॉफ्टवेअर निवडताना आधी कटिंगची यादी पाहा

सिंदेवाही तालुक्यातील आमच्या गावात मी वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकलो, तेव्हा सगळी मापे इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असत आणि आराखडा म्हणजे फळीवर पेन्सिलीने ओढलेल्या चार रेघा असत. सागवानाच्या चौकटी आणि दारांना तेवढे पुरत असे, कारण लाकूड अर्धा सूत जास्त राहिले तरी रंधा मारून ते उतरवता येते. प्लायच्या कामात ही मुभा नाही; लॅमिनेट चिकटवलेली पाटी रंध्याने उतरत नाही, आणि चुकीची कापलेली शीट बदलायची तर चंद्रपूर किंवा नागपूरहून नवी आणावी लागते. म्हणून नव्या मुलांनी "भाऊ, कोणते सॉफ्टवेअर शिकू?" असे विचारले की मी त्यांना आधी विचारतो, ग्राहकाला चित्र दाखवायचे आहे, की प्लाय कापायचा आहे?

हा फरक मला पहिल्याच मोठ्या आलमारीने शिकवला. भिंतीतील जागा 902 मिलिमीटर रुंद होती, म्हणून मी आलमारी 900 ची धरली आणि घराच्या सजावटीच्या एका मोफत प्रोग्रॅममध्ये तिचे रंगीत चित्र काढले, जे घरच्या मंडळींना फार आवडले. त्या चित्रात पाटीला जाडी अशी नव्हतीच. दोन्ही बाजूंच्या 18 मिलिमीटरच्या पाट्या वजा करून मी कप्पे 864 चे कापले. पाटी वाकू नये म्हणून बाजूच्या पाट्यांना आतून-बाहेरून एकेक मिलिमीटरचे लॅमिनेट लावायचे ठरलेच होते, परंतु ते हिशेबात धरायचे राहून गेले. प्रत्येक पाटी 20 ची झाली, आलमारी 904 ची झाली आणि ती जागेत बसेना. सगळे कप्पे, वरची-खालची पाटी आणि मागची पाटी काढून पुन्हा कापण्यात दोन दिवस गेले.

तेव्हापासून मी कोणताही प्रोग्रॅम त्याच्या कटिंगच्या यादीवरून, म्हणजे कोणता भाग किती मापाचा कापायचा हे तो कसे सांगतो त्यावरून, पारखतो. स्केचअप शिकायला सर्वांत सोपे आहे, आणि संगणकावर बसवलेल्या स्केचअपमध्ये ओपनकटलिस्ट नावाची मोफत जोडणी (एक्स्टेंशन) घातली की प्रत्येक भागाची लांबी, रुंदी, जाडी आणि नग यांची यादी, शिवाय शीटवरची मांडणीही मिळते. त्यासाठी सुरुवातीपासून एक शिस्त पाळावी लागते: प्रत्येक पाटी काढून होताच तिचा वेगळा कॉम्पोनंट, म्हणजे स्वतंत्र भाग, करायचा, अन्यथा रेघा एकमेकींना चिकटतात आणि यादी येत नाही. मांडणी करताना करवतीचे पाते किती लाकूड खाते तेही भरावे लागते. 2440 मिलिमीटरच्या शीटमधून 610 चे चार तुकडे कागदावर बरोबर निघतात. पाते तीन मिलिमीटरचे असेल तर तीन कापांत नऊ मिलिमीटर जातात आणि शेवटचा तुकडा 601 चा उरतो.

स्केचअपची मोफत आवृत्ती मात्र ब्राउझरमध्ये चालते, तिला अशा जोडण्या लावता येत नाहीत आणि ती वैयक्तिक वापरासाठी आहे, ग्राहकाच्या कामासाठी नाही. आमच्याकडे याहून मोठी अडचण इंटरनेटची आहे, कारण भारनियमनात वीज गेली की रेंजही जाते आणि अर्धे काढलेले काम तसेच अडकून पडते. म्हणून खेड्यात काम करणाऱ्याने इंटरनेटशिवाय चालणारे सॉफ्टवेअरच मुख्य मानावे, असे माझे ठाम मत आहे. फ्यूजन या आराखड्याच्या दुसऱ्या प्रोग्रॅमची वैयक्तिक आवृत्तीही मोफत असली तरी व्यवसायासाठी नाही. चोरून उतरवलेली प्रत कोणी देऊ केली तरी घेऊ नये. तिच्यासोबत व्हायरस येऊन लॅपटॉप खराब झाला तर त्यातले ग्राहकांचे सगळे आराखडे जातात.

फ्रीकॅड पूर्ण मोफत आहे, व्यवसायातही चालते आणि इंटरनेट मागत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. ते हातात बसायला स्केचअपपेक्षा जास्त वेळ लागतो, हे खरे, आणि पहिल्या महिन्यात सोडून द्यावेसे वाटते. पण त्यातल्या स्प्रेडशीटमध्ये पाटीच्या जाडीचा आकडा एकदा लिहून सगळे भाग त्याला जोडले, की 18 च्या जागी 20 लिहिताच कप्पा आपोआप 864 वरून 860 वर येतो. माझे दोन दिवस वाया घालवणारी चूक तिथे झालीच नसती.

निवड करण्यापूर्वी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एकच ड्रॉवर काढून पाहावा. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला सुमारे 13 मिलिमीटर जागा लागते, म्हणजे आतली मोकळी जागा 400 असेल तर ड्रॉवर बाहेरून 374 चा हवा. तो काढून झाल्यावर जागा 450 करावी आणि ड्रॉवर 424 चा होण्यासाठी किती भागांना हात लावावा लागतो ते मोजावे. ग्राहकासमोर बसून झटपट काढायचे काम मी आजही स्केचअपमध्येच करतो. एकाच मापाच्या पेट्या पुन्हा पुन्हा लागतात त्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या मात्र फ्रीकॅडमध्ये काढतो.